एक लांब, एक आखूड

मोटारीवर चिडून काही होत नाही हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं, आणि कळल्यावरही मी चिडतोच. खामगावात कापसाच्या जिनांच्या मागच्या बाजूला माझं दुरुस्तीचं शेड होतं. दारात आलेल्या प्रत्येक गाडीला मी आधी शिव्या घालायचो आणि मग पाना लावायचो. गिऱ्हाइकांना त्याची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी मी गप्प राहिलो तर गाडी भंगारात गेली की काय म्हणून ते घाबरायचे. फक्त एका गाडीवर, तिच्या शेवटच्या दुरुस्तीच्या वेळी, माझ्या तोंडून शिवी निघाली नाही.

ती गाडी पिंपळगाव राजाच्या अलीकडे, सडकेपासून थोडं आत असलेल्या एका गावात होती. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची, डोक्यावर टप नसलेली शर्यतीची गाडी. मुंबईचा कुणी गोरा फौजी साहेब विलायतेला परत जाताना ती विकून गेला, आणि त्या गावच्या मालकांच्या एकुलत्या एक मुलानं ती हौसेनं घेतली. घेतली तेव्हाच ती म्हातारी झालेली होती. आमच्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर तिचं पोट घासायचं. पावसाळाभर ती गोठ्याशेजारच्या पडवीत बसून राहायची, आणि उरलेल्या दिवसांतले निम्मे माझ्या शेडमध्ये काढायची. तरी मुलाचा तिच्यावर फार जीव होता. मी गाडीखाली घुसलो की तो बाहेर बसून मला पाने द्यायचा आणि माझ्या शिव्या ऐकून हसायचा. आमची दोस्ती त्या गाडीनंच लावून दिली.

मालकांचं घर गावाच्या अगदी कडेला होतं. घराच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर, चिंचेखाली रस्त्याला वळण होतं. तिथे आला की मुलगा हॉर्न द्यायचा. एक लांब, एक आखूड. घरातून त्याची आई लगेच "आले रे" म्हणायची आणि तवा चुलीवर चढवायची. गाडी अंगणात येऊन थांबेपर्यंत पहिली भाकर फुगलेली असायची. त्या भाकरी मीही खाल्ल्या आहेत, त्याच्या शेजारच्या सीटवर बसून, तेलकट हातांनी.

मग तो मुलगा विषमज्वरानं गेला. गाडीत नाही, घरातच, खाटेवर. तेरवीला मी गेलो होतो. पडवीत गाडीवर ताडपत्री टाकलेली होती. मी जेवून लगेच निघालो.

वर्षश्राद्ध झाल्यावर मालकांनी गाडी विकायचं ठरवलं. त्यांनी बॅटरी माझ्याकडे भरायला पाठवली, मी ती भरून दिली, आणि त्यांच्या सालदार गड्यानं ती नेऊन गाडीत बसवली. पण इंजिन काही लागलं नाही. होळी होऊन गेली, उन्हं तापू लागली, तेव्हा मालकांचा निरोप आला की तुम्ही स्वतः या आणि चालू करून द्या.

मालक म्हणजे शिकलेला माणूस. नागपूरची वर्तमानपत्रं मागवायचे आणि चष्मा लावून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे. कुणी भूतखेताचं नाव काढलं की ते त्याच्यापुढे वर्तमानपत्र सरकवून म्हणायचे, यात कुठी आलं आहे ते दाखव. मेहुण्यानं एकदा भगत घरी आणला, तर त्या दोघांनाही त्यांनी ओट्यावरून उतरवलं होतं. त्या दिवशी मी गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते, पण वर्तमानपत्राची घडी मोडलेली नव्हती.

"मिस्त्री, अकोल्याचं गिऱ्हाईक खामगावात येऊन राह्यलं रविवारी," ते म्हणाले. "गाडी तिथवर चालत गेली पाह्यजे. आन सोमवारी मले नागपूरले जा लागते. बाईले घेऊन."

"काऊन मालक? तब्येत बरी नाही काय त्यायची?"

ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "डोकं ठिकाणावर राह्यलं नाही तिचं. पोरगा आला म्हणते. गाडीचा पोंगा ऐकू येते म्हणते. भर दुपारी भाकर टाकते त्याच्यासाठी. मागच्या महिन्यापासून त लयच वाढलं. डाक्तर म्हणते, नागपूरले वेड्यायच्या दवाखान्यात ठेवा." मग ते म्हणाले, "गाडी गेली त इथी काही उरणार नाही. पण ती बरी होईन असं मले वाटत नाही."

आमच्या भागात नागपूरचं नाव कोर्टासाठी निघालं की लोक तोंड वाकडं करत, आणि या कामासाठी निघालं की आवाज खाली आणत. तिथे पोचवलेलं माणूस परत घरी येतंच असं नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी पडवीकडे गेलो.

बंद पडलेल्या गाडीला तीनच प्रश्न विचारायचे असतात. ठिणगी पडते का, पेट्रोल पोचतं का, हवा जाते का. त्या गाडीचं तिन्ही प्रश्नांना उत्तर नाही असंच होतं. हवेच्या तोंडात उंदरांनी कापसाचं घर केलेलं. टाकीतलं पेट्रोल वाळून डिंकासारखं झालेलं. ठिणगीच्या यंत्राला ओल लागलेली. त्यात इंजिन आतून धरलेलं, हँडल इंचभरही हलेना. मी प्लग काढून भोकांतून रॉकेल ओतलं आणि ते मुरायला ठेवलं. मॅग्नेटो सोडवून उन्हात वाळत टाकला. या गाडीची ठिणगी मॅग्नेटोची होती, म्हणजे हँडल फिरवलं की लागणारी वीज ती स्वतःच तयार करायची. बॅटरी हवी ती फक्त दिव्यांना आणि हॉर्नला. त्यामुळे बॅटरीकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

दुपार चढली. बाहेर सालदार कुऱ्हाडीनं कडबा तोडत होता, तो आवाज सोडला तर गाव मेल्यासारखं गप्प होतं. मी गाडीखाली उताणा पडून जुनं तेल काढत होतो. पडवीच्या तोंडातून गरम वाऱ्याचा एक झोत आत आला, ताडपत्रीचं टोक फडफडलं, आणि माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर हॉर्न वाजला.

एक लांब. मग एक आखूड.

मी दचकून उठायला गेलो तर कपाळ लोखंडावर आपटलं. "कोण आहे बे?" म्हणत बाहेर आलो. कुणीच नव्हतं. सीट रिकामी होती. गोठ्यातले दोन्ही बैल रवंथ थांबवून गाडीकडे पाहत होते. कुत्रं उठून उभं राहिलं होतं. सालदाराची कुऱ्हाड हवेत थांबलेली मी पाहिली. मग ती खाली आली आणि पुन्हा पहिल्यासारखी चालू लागली. त्यानं मान वळवली नाही.

घरातून आवाज आला, "आले रे."

पाठोपाठ तवा आपटल्याचा आवाज. माझ्या हातावरचे केस उभे राहिले ते मला अजून आठवतात, कारण त्यांवर काळं तेल होतं. थोड्या वेळानं बाई ताटली घेऊन आल्या. स्वच्छ लुगडं, नीट विंचरलेले केस. त्यांनी ताटली ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली, भाकरीवर तिखट-तेल होतं, आणि माझ्या कपाळाकडे पाहून त्या म्हणाल्या, "लागलं काय? हळद लावा. तुमालेबी देऊ काय भाकर?"

वेड लागलेली माणसं मी पाहिली आहेत. ती दुसऱ्याच्या कपाळाकडे पाहत नाहीत.

"तुमी ऐकलं ना, मिस्त्री?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं, बाई," मी म्हणालो.

मालक ओट्याच्या पायरीवर येऊन उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "कोयनेल चालू आहे ना तुमचं? कान वाजतात त्यानं."

कोयनेलच्या गोळ्या चालू होत्या हे खरं. थंडीतापानं मी आठवडाभर पिवळा पडलो होतो आणि कानात सारखी गुणगुण होती. आणि मालकांच्या आवाजात इतकी खात्री होती की क्षणभर मला माझ्याच कानांचा भरवसा वाटेना. बाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मालकांकडे पाहिलं, आणि त्या आत गेल्या. सोमवारी आपल्याला कुठे नेणार आहेत ते त्यांना माहीत होतं. त्यांच्या चालण्यावरून ते दिसत होतं.

मालक आत गेल्यावर सालदार माझ्याजवळ आला. म्हातारा माणूस, त्याच घरात केस पांढरे केलेले. तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुमी हाव काऊन म्हनलं? एका हाकेले ओ देऊ नये."

"म्हणजे तूबी ऐकलं?"

"मी काही नाही ऐकलं," तो म्हणाला आणि पुन्हा कडब्याकडे गेला.

तेव्हा मला सगळं उमगलं. आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. हाक मारणारा दिसत नसेल तर एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो तीनदा हाक मारेल. दुसरं काही असेल तर एकदाच मारतं, आणि जो ओ देतो त्याला घेऊन जातं. तोवर आपण ऐकलंच नाही असं वागायचं. माझ्या आईनंही मला हेच शिकवलं होतं, आणि आजही शेतात कुणी एकदाच हाक मारली तर मी गप्प राहतो. हा हॉर्न दुपारी एकदाच वाजायचा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाजायचा नाही, म्हणून त्या घरात कुणी तो ऐकलेलाच नव्हता. सगळे ऐकत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. ओ देणारी एकटी आई होती, आणि म्हणून ती वेडी ठरली होती.

मला भयंकर राग आला. पण राग कुणावर काढणार? कुणी खोटं बोलत नव्हतं. ते फक्त जीव वाचवत होते. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी पुन्हा गाडीखाली जायला माझंही मन होईना. मी संध्याकाळपर्यंत बाहेर बसून कार्बोरेटरचे जेट साफ करत राहिलो. इतके साफ जेट मी जन्मात केले नसतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन मोकळं झालं. मॅग्नेटो चढवला, नवं पेट्रोल घातलं, हँडल मारलं. गाडी दोनदा शिंकली, काळा धूर सोडला आणि बंद पडली. पुन्हा मारलं. मग ती लागली, आणि तिचा तो जुना घसा खरवडल्यासारखा आवाज साऱ्या अंगणात भरला. मालक बाहेर आले नाहीत. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि इंजिन बंद करेपर्यंत हलल्या नाहीत.

माझं काम तिथेच संपलं होतं. पैसे घेऊन निघालो असतो तर कुणी काही म्हटलं नसतं. पण उद्यावर रविवार होता आणि परवावर सोमवार, आणि दारात उभी असलेली ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. मी ठरवलं की दुपार होऊ द्यायची.

उन्हं डोक्यावर आली तसा मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो. तिथे मी कधीच बसत नसे, ती त्याची जागा होती. कातडं त्याच्या अंगाप्रमाणे खचलेलं होतं आणि मी त्या खळग्यात नीट बसत नव्हतो. क्लचचा पेडल एका बाजूनं झिजलेला होता, तो पाय वाकडा ठेवायचा म्हणून. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले, हॉर्नच्या बटणापासून लांब, आणि वाट पाहू लागलो. कुऱ्हाड चालू होती. घरात कुणी भांडं ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग बैलांनी माना वर केल्या, आणि मला वाटलं की शेजारच्या सीटवर, माझ्या जुन्या जागी, कुणी तरी बसलं आहे. मी तिकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती.

वारा आला. ताडपत्री हलली. माझ्या गुडघ्याजवळ, मीटरच्या फळीच्या खाली, टिक असा बारीक आवाज झाला. आणि हॉर्न वाजला. एक लांब, एक आखूड.

"आले रे," आतून आवाज आला.

पण तो टिक मी ऐकला होता, आणि टिक म्हणजे माझा धंदा. मी वाकून फळीखाली डोकं घातलं. स्टीअरिंगच्या नळीला काळ्या दोऱ्यानं दोन ताईत बांधलेले होते. डोंगराकडच्या दर्ग्यावर मिळतात तसे, तांब्याच्या पुंगळीचे. त्यांच्या शेजारूनच हॉर्नची तार वर बटणाकडे जात होती आणि जुनी झाल्यामुळे एका ठिकाणी उघडी पडली होती. ती तार आणि ती लोखंडी नळी यांच्यामध्ये काहीही धातूचं टेकलं की बटण दाबल्यासारखंच होतं. वारा आला की ताईत हलायचा, तारेला टेकायचा आणि हॉर्न वाजायचा. एक ताईत जुना, त्याचा दोरा विटलेला. दुसरा नवा, पहिल्याला खेटून बांधलेला, त्यामुळे पहिला तारेच्या आणखी जवळ ढकलला गेला होता. म्हणून मागच्या महिन्यापासून वाढलं.

मी ओरडलो. माझा आवाज तसाही मोठा आहे. "मालक! सालदार! सगळे इकडे या!"

सालदार आला. बाई ताटली घेऊन निघाल्याच होत्या, त्या थबकल्या. मालक सर्वांत शेवटी आले. मी बोटानं ताईत तारेला लावला आणि हॉर्न वाजला. सोडला, थांबला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला.

"हे पाहा, मालक. बाईले काही झालं नाही. पोंगा खरंच वाजते. या ताइतानं वाजते."

मालकांनी फळीखाली पाहिलं नाही. मी त्यांना खाली वाकायला जागा करून दिली तरी ते वाकले नाहीत. त्यांचा चेहरा पाहिल्यावर मला कळलं की ताईत कुठे आहेत ते त्यांना पाहायची गरज नव्हती.

सालदार एकाएकी बोलला. "पह्यल्या दिवसापासून वाजून राह्यला, मालक. आमी सगळ्यायनं ऐकला."

"मंग सांगितलं काऊन नाही बे?" मालक म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"तुमीबी त नाही सांगितलं. वाजला की तुमचं पेपर वाचनं थांबे."

बाईंनी ताटली खाली ठेवली आणि त्या माझ्याजवळ आल्या. "हे कोनं बांधलं?" त्यांनी विचारलं.

"मी," मालक म्हणाले.

"दोनीबी?"

"पह्यला बॅटरी बसवाच्या आधी. दुसरा पोंगा वाजू लागला तवा."

"म्हणजे तुमी ऐकलं."

"हाव."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, असता तर बरं झालं असतं. "त्यानं येऊ नये म्हणून बांधलं?" त्या म्हणाल्या.

मालक पडवीच्या उंबऱ्यावर बसले. भूत म्हटलं की वर्तमानपत्र पुढे करणारा माणूस, कुणाला न सांगता डोंगरातल्या दर्ग्यावर गेला होता, दोनदा. मुलाची वाट बंद करायला त्यानं जे बांधलं त्यानंच मुलाचा हॉर्न वाजत होता. "मले भेव वाटे," ते म्हणाले. "मले त्याचं भेव वाटे." आणि ते रडू लागले. मी तोंड फिरवून तारेला पट्टी गुंडाळायला घेतली.

एक गोष्ट मी आजवर कुणाला समजावून सांगू शकलेलो नाही. वाऱ्यानं हलणारा ताईत वाट्टेल तसा टेकेल. कधी एकदा, कधी चारदा, कधी नुसता कुरकुरेल. तो दर वेळी एक लांब आणि एक आखूड असाच का टेकावा? मी बोटानं खूप वेळ प्रयत्न करून पाहिला, तसं जमवायला मला मुद्दाम जमवावं लागत होतं.

ताईत मी सोडवून बाईंच्या हातावर ठेवले. त्यांनी ते पदराच्या गाठीत बांधले. मग तारेवरच्या माझ्या पट्टीकडे बोट दाखवून विचारलं, "आता नाही वाजणार?"

"नाही, बाई. कोणी दाबल्याशिवाय नाही."

"म्हणजे मी शहानी झाली," त्या म्हणाल्या, आणि थंड झालेली भाकर उचलून आत गेल्या.

त्या संध्याकाळी मालकांनी सोमवारचं नागपूर रद्द केलं. गाडीचं मात्र ठरलं होतं तसंच राहिलं. रविवारी सकाळी ती खामगावला न्यायला मी पडवीतून बाहेर काढली. सालदारानं चाकांवर पाणी घातलं. बाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, लेक सासरी जाताना लावतात तसं, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वळणावर एकडाव वाजवजा." मालक बाहेर आले नाहीत. ते आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं होतं.

चिंचेखाली मी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं, म्हणजे ऐकू येईल. घर तिथून दिसत होतं. बाई ओट्यावर उभ्या होत्या. मी बटणावर बोट ठेवलं. एक लांब, एक आखूड.

बाईंनी ओ दिली नाही. त्या तशाच उभ्या होत्या, दाराकडे तोंड करून. मी थांबलो. कुठे कुत्रंही भुंकलं नाही.

मग घरातून एक आवाज आला, पुरुषाचा, घसा बसलेला. "आलो रे. आलो." दार आपटलं. मालक ओट्यावरून उतरले आणि अनवाणी, उघड्या डोक्यानं वळणाकडे पळत निघाले. चष्मा नव्हता त्यांच्या डोळ्यांवर. त्या वयात, त्या खडकाळ रस्त्यानं, ते धापा टाकत चिंचेखाली आले, आणि सीटवर मला पाहून थांबले.